पाडता न येणारा पूल

युद्धपटात पूल एका धमाक्यात कोसळतो. प्रत्यक्षात उत्तर व्हिएतनाममधला थान्ह होआचा पूल पाडायला अमेरिकेला सात वर्षं लागली. मा नदीवरचा हा पोलादी पूल जेमतेम 165 मीटर लांब. 1964 मध्ये तो खुला झाला आणि दक्षिणेकडे जाणारी रेल्वे आणि रस्ता दोन्ही त्याच्यावरूनच जाऊ लागले.

3 एप्रिल 1965 ला पहिला मोठा हल्ला झाला. बुलपप क्षेपणास्त्रांनी पोलादावर फारतर ओरखडे काढले. 750 पौंडी बॉम्बनी रस्त्याला खड्डे पाडले, पूल जागचा हलला नाही. जाळीदार सांगाडा असा चिवटच असतो, स्फोटाचा दाब मधल्या मोकळ्या जागेतून निसटून जातो. पूल खरा पाडायचा तर खांब किंवा काठावरचा काँक्रीटचा आधार फोडावा लागतो. विमानविरोधी तोफांचा मारा चुकवत, वेगात झेपावणाऱ्या वैमानिकाला ते साधणार कसं? नेम काही मीटर चुकला तरी बॉम्ब नदीत.

मे 1966 मध्ये तर मालवाहू विमानातून अवाढव्य सुरुंग नदीत सोडले गेले. प्रवाहाबरोबर वाहत जाऊन ते पुलाखाली फुटावेत, असा बेत होता. कल्पना भन्नाटच! पण पूल उभाच राहिला आणि दुसऱ्या रात्री गेलेलं विमान परतलं नाही.

13 मे 1972 ला मात्र चौदा फँटम विमानं लेझर बॉम्ब घेऊन आली. लक्ष्यावर लेझरचा झोत धरायचा आणि परावर्तित प्रकाशाचा माग काढत बॉम्ब तिथं पोचतो. पश्चिमेकडचा गाळा आधारावरून निखळला. बॉम्बचं वजन वाढवून जे जमलं नव्हतं, ते नेम सुधारल्यावर जमलं.

तरी अचूक नेम म्हणजे पूल जमीनदोस्त, असंही नाही. 2022 च्या जुलैपासून युक्रेननं खेरसनजवळच्या अँतोनिव्हस्की पुलावर हायमार्स रॉकेटं डागली. त्यांचं स्फोटक शीर्ष सुमारे 90 किलोचं, म्हणजे असा पूल कोसळवायला तोकडं. पण खड्ड्यांनी चाळण झालेल्या रस्त्यावरून अवजड वाहनं न्यायची सोय उरली नाही. निप्रो नदी ओलांडायला रशियन सैन्याला तराफे आणि बार्जवर भिस्त ठेवावी लागली. लष्करी हिशेबात एवढं पुरेसं होतं.

नोव्हेंबरमध्ये रशियानं खेरसन सोडलं, तेव्हा पुलाचे गाळे खरोखर कोसळले, तेही माघार घेणाऱ्यांनीच लावलेल्या स्फोटकांनी.