पश्चात्ताप आणि पटिकरण

‘पश्चात्ताप’ या शब्दातच ताप आहे. हातून घडलेल्या अपकृत्याबद्दल मागाहून होणारी मनाची होरपळ, हा त्याचा अर्थ. पालि वाङ्मयात या अवस्थेस ‘विप्पटिसार’ अथवा ‘कुक्कुच्च’ म्हणतात. धम्माने या तापाला पुण्य मानलेले नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कुक्कुच्च हे पाच नीवरणांपैकी एकाचे अंग असून, सामञ्ञफलसुत्तात भगवंतांनी त्या नीवरणास दास्याची उपमा दिली आहे. खंत माणसाला बांधून ठेवते.

मग अपराध्याने काय करावे? याचे उत्तर त्याच सुत्तात आहे. मगधराज अजातशत्रू पिता बिंबिसाराच्या वधाची कबुली भगवंतांपुढे देतो. या कबुलीस ‘अच्चयदेसना’ म्हणतात. भगवंत ती स्वीकारतात व तीन गोष्टी सांगतात : अपराध हा अपराध म्हणून पाहणे, धम्मानुसार त्याचे पटिकरण म्हणजे निराकरण करणे आणि पुढे संवर पाळणे. मात्र राजा निघून गेल्यावर ते भिक्खूंना सांगतात की, हा वध घडला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभला असता. कबुलीने कर्म पुसले जात नाही. संयुत्तनिकायात असिबंधकपुत्त ग्रामणीलाही त्यांनी हेच समजावले आहे : खंत केल्याने केलेले न केलेले होत नाही, म्हणून ते कर्म सोडावे व मैत्रीभावना वाढवावी.

ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे स्थान विनयपिटकातील ‘पटिसारणीय कम्मा’त स्पष्ट होते. सुधम्म भिक्खूने चित्त गृहपतीचा अपमान केला, तेव्हा संघाने त्या भिक्खूस स्वतः जाऊन गृहपतीची क्षमा मागावयास लावली. प्रव्रजित असल्याने त्याची सुटका झाली नाही.

ही कसोटी आपल्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासास लावून पाहावी. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींची हरिजन यात्रा येथूनच निघाली. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप व तिचे निवारण हे त्यांचे प्रायश्चित्त, अशी गांधीजींची भूमिका होती. म्हणून हरिजन सेवक संघाचा कारभारही प्रायश्चित्त घेणाऱ्या सवर्णांनीच पाहावा, असे सांगण्यात आले. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या युक्तिवादाची चिकित्सा केली आहे. तत्पूर्वी, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, त्यांनी ठक्कर यांना पत्र लिहून विहिरी, शाळा व सार्वजनिक जागांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम हाती घेण्याचे सुचविले होते.

भावना खरी होती की नव्हती, हा येथे प्रश्न नाही. अपराध अपराध म्हणून पाहिला गेला, हे पहिले पाऊल होय. परंतु निराकरण कशाने होईल, हे ज्यांनी अन्याय सोसला त्यांना सांगू दिले गेले नाही. तेथे पटिकरण अडले.

ही कसोटी आपल्यालाही चुकत नाही. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू ‘पवारणा’ करतात; माझा दोष दिसला, ऐकला वा शंकेस आला असेल तर सांगावा, अशी संघास विनंती करतात. उपासकाने हीच विनंती घरातील स्त्रियांना, धाकट्यांना आणि आपल्यापेक्षा दुबळ्या शेजाऱ्याला करावी. मग जे सांगितले जाईल, ते शांतपणे ऐकून घ्यावे व त्याची भरपाई करण्यास लागावे.