नाव, ॲट, एक-दोन-तीन
वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडला माझं ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म भरायला येणाऱ्यांचा पासवर्ड मला न विचारताही ओळखता येतो. मुलाचं नाव, पुढे ॲट, पुढे एक-दोन-तीन. स्कॉलरशिप असो, भरतीचा फॉर्म असो की जीमेल, सगळीकडे तोच. वेगळा ठेवा म्हटलं की, “दादा, मले कुठं एवढं लक्षात राह्यते!”

त्यांना मी झोमॅटोचं सांगतो. मे २०१७मध्ये या कंपनीच्या १.७ कोटी ग्राहकांचे ईमेल आणि त्यातल्या अनेकांच्या पासवर्डचे हॅश चोरीला गेले. हॅश म्हणजे पासवर्डवरून गणितानं काढलेला ठसा. तो उलटवता येत नाही, पण चोराचं मशीन लाखो सोप्या शब्दांचे ठसे काढून जुळवत बसतं. एक-दोन-तीनवाले आधी सापडतात. चोर शिरला कसा, हे कंपनीनंच नंतर सांगितलं. त्यांच्या एका डेव्हलपरचं ०००वेबहोस्ट या साइटवर खातं होतं. ती २०१५मध्ये फुटली, आणि तिथले पासवर्ड तर साध्या अक्षरांतच ठेवलेले. त्या डेव्हलपरनं तोच ईमेल, तोच पासवर्ड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या जागी, वापरला होता; चोराला तिथूनच वाट मिळाली. संगणकाच्याच धंद्यातला माणूस!

साइट फुटणं आपल्या हातात नाही. पण फुटल्याचं कळलं की तिथला पासवर्ड बदला, आणि तोच जीमेललाही असेल तर जीमेल सगळ्यांच्या आधी. कारण ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथंच येते. ईमेल गेला की बाकीची खाती आपसूक जातात. त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, लावाच. ‘तुमचा डेटा लीक झाला, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला तर त्याला हात लावू नका. साइट स्वतः उघडा.

नवा पासवर्ड लांब हवा. तूर-छत्री-मंगळवार-पितळ असा, संबंध नसलेल्या शब्दांचा. (हाच नको, तो आता छापून आलाय.) लक्षात राहत नसेल तर फोनमधला पासवर्ड मॅनेजर वापरा. तेही जमत नसेल तर घरच्या कपाटात वही ठेवा. जाणकार नाकं मुरडतील, पण माझ्या मते सगळीकडे एकच पासवर्ड असण्यापेक्षा वही परवडली. ती माझ्या दुकानात मात्र ठेवू नका.

आपला ईमेल कुठल्या चोरीत सापडलाय का, हे ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट कळतं. तिथं फक्त ईमेल टाकायचा. खात्यातून पैसेच गेले असतील तर उद्यावर ढकलू नका, लगेच १९३० वर फोन लावा.