जागल्याचा संशय आणि सरकारी वकिलाचे कर्तव्य

गावाने रात्री जागे राहावे आणि चोराचिलटांपासून आपल्या घरादाराचे रक्षण करावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बलुतेदारीच्या काळी जागल्या होता, देशावर रामोशी होता. आज पोलीस पाटील आहे, ग्रामसुरक्षा दल आहे. कोकणात तर या जागरणाचे कारण अधिकच खरे आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी वाड्यांत कर्ती माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस, मागे उरली ती म्हातारी माणसे आणि कुलूपबंद घरे. पोलीस ठाणे दूर, वाट घाटीची आणि पावसाळ्यात तीही बिकट. अशा ठिकाणी राहणाऱ्यास रात्री भय वाटले तर त्यास भित्रा म्हणण्याचा अधिकार शहरात पोलीस चौकीच्या छायेत निजणाऱ्यास नाही. परंतु भय खरे असणे ही एक गोष्ट, आणि ज्याचे भय वाटते तो मनुष्य खरोखर अपराधी असणे ही अगदी निराळी गोष्ट. या दोहोंतील अंतर न ओळखल्यामुळे अवघ्या दोन वर्षांच्या अवधीत महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळून आठ निरपराध माणसे प्राणास मुकली. त्या दोन्ही घटनांचा धडा आपण नीट घेतला आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

पहिली घटना धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावची. ता. १ जुलै २०१८, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी आवई भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचलेली. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. ते मूळचे सोलापूर जिल्ह्याकडील. त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलाशी बोलला, एवढ्यावरून जमाव खवळला. त्या पाचांना मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन कोंडले आणि तेथेच ठार केले. दुसरी घटना पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याच्या गडचिंचले गावची. ता. १६ एप्रिल २०२० ची रात्र, टाळेबंदीचे दिवस. चोर आणि मुले पळविणारे येत आहेत, या अफवेने गावकरी रात्री पहारा देत होते. काहीच दिवसांपूर्वी त्याच टापूत एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला होता. त्यावरूनही सरकारचे डोळे उघडले नाहीत. आपल्या गुरूंच्या अंत्यविधीस निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीवान या पहाऱ्याच्या तावडीत सापडले, आणि पोलिसांच्या देखत जमावाने त्यांस ठेचून मारले. या घटनेला धार्मिक रंग देण्याचा खटाटोपही पुष्कळ झाला. शेवटी पकडलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे तत्कालीन गृहमंत्र्यांस जाहीर रीतीने सांगावे लागले.

आता या कृत्यांस आत्मसंरक्षणाचे नाव देणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, गाव घाबरलेले होते, गावाने आपल्या लेकरांचे रक्षण केले, यात दुष्टबुद्धी कोठे? हे म्हणणे कायद्याच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे, कारण आमच्या देशाचा कायदा आत्मसंरक्षणाच्या बाबतीत मुळीच कृपण नाही. मेकॉले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३७ साली दंडसंहितेचा जो मसुदा केला, त्यात येथील लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांच्या अंगी थोडा पुरुषार्थ यावा, म्हणून हा हक्क मुद्दाम सढळ हाताने देत असल्याचे त्यांनी लिहून ठेविले आहे. ग्रंथात १८६० साली हा हक्क देणाऱ्या त्याच राजवटीने १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने लोकांच्या हातांतील शस्त्रे काढून घेतली, हा भाग निराळा! ते कसेही असो. तो हक्क भारतीय दंडसंहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता, आणि ता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो जवळजवळ जसाच्या तसा आहे. प्राणावर बेतले असता, किंवा सूर्यास्तानंतर कोणी घर फोडून आत शिरत असता, हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा रक्षणकर्त्याच्या बाजूस उभा राहतो. दर्शनसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्टच सांगितले की, संकट अंगावर आले असता कायदा कोणाही सज्जनाकडून भ्याडपणाची अपेक्षा करीत नाही.

परंतु या उदार हक्कास दोन कुंपणे आहेत. सरकारी संरक्षण मागण्यास अवकाश असेल तर हा हक्क उरत नाही. आणि संरक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क तर कधीच नव्हता. हा हक्क संकट टाळण्याकरिता आहे, सूड घेण्याकरिता नाही. राईनपाड्यात ते पाच जण कचेरीत कोंडले गेल्यावर त्यांच्यापासून कोणत्या बालकास धोका उरला होता? दाराला कडी घालून पोलिसांची वाट पाहिली असती तर गावाचे काय बिघडले असते? गडचिंचले येथे तर पोलिसांस बोलावण्याचाही प्रश्न नव्हता. पोलीस समोर उभे होते आणि त्या साधूंनी त्यांचाच आसरा धरला होता. ज्या क्षणी भयाचे कारण संपले, त्या क्षणी आत्मसंरक्षणही संपले. त्यापुढे पडलेली प्रत्येक काठी शुद्ध खुनाची होती.

येथे एक गोष्ट सुधारणेचा कैवार घेणाऱ्यांनी उघड बोलली पाहिजे. पहारेकऱ्याचा संशय सर्वांवर सारखा पडत नाही. पांढरपेशा मनुष्य मोटारीतून उतरून एखाद्या मुलास वाट विचारील तर कोणी त्याच्या अंगावर धावून जाणार नाही. पण फाटकी झोळी, परकी बोली आणि भटकी जात दिसली की तोच प्रश्न अपराध ठरतो. इंग्रजी राज्याने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून समूहच्या समूह जन्मतःच चोर ठरविले. तो डाग स्वतंत्र भारताने ता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याच्या पुस्तकातून पुसला. परंतु गावकऱ्यांच्या मनातून तो पुसला गेला नाही, आणि ज्या जमातींची नावे त्या यादीत कधी नव्हती, त्या भिक्षेकऱ्यांनाही तो भोवतो आहे. ज्या संशयाला जात आहे, त्याला आम्ही सावधगिरी म्हणणार नाही.

ही व्याधी केवळ आमच्याच अडाणी खेड्यांची आहे, असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांती सॅनफर्ड गावात ता. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी जॉर्ज झिमरमन नावाच्या आळीच्या पहारेकऱ्याने ट्रेव्हन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णी मुलास गोळी घालून ठार केले. मुलाजवळ खाऊची पुडी आणि पेयाचा डबा, एवढाच काय तो ऐवज. पाठलाग करण्याची आवश्यकता नाही, असे पोलिसांच्या दूरध्वनीवरून त्यास सांगितले गेले होते. तरीही आत्मसंरक्षणाचे कारण सांगताच पोलिसांनी त्यास त्या रात्री घरी जाऊ दिले. मग देशभर लोकक्षोभ उसळला, आणि गव्हर्नरांनी अँजेला कोरी या बाईंची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक केली. सुमारे सहा आठवड्यांनी आरोपीस अटक झाली, ती द्वितीय श्रेणीच्या खुनाच्या आरोपाखाली. ज्या आरोपास दुष्ट मनोवृत्तीचा पुरावा लागतो तो भारी आरोप लावला खरा. पण आरोपपत्रात आरोपीच्या डोक्यास झालेल्या इजेचा उल्लेखच नाही, म्हणून हार्वर्डचे अध्यापक ॲलन डर्शोविट्झ यांनी कोरीबाईंवर कडक टीका केली. ता. १३ जुलै २०१३ रोजी सहा स्त्रियांच्या ज्यूरीने आरोपीस निर्दोष ठरविले. प्रथम सरकारने काहीच केले नाही, आणि मग लोकांच्या दडपणाखाली पेलवेल त्याहून अधिक केले. या दोन चुकांच्या मध्ये त्या मुलास मिळावयाचा न्याय हरवला. आणि खटला लोकांच्या आरोळीवर उभा राहिला की पडतोही आरोळीत, हे दोन्ही पक्षांस कळून चुकले.

यावरून सरकारी वकिलाच्या कर्तव्याचा प्रश्न निघतो, आणि आमच्या मते तोच या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. जमावाच्या खुनात साक्षीदार गावचाच, आरोपीही गावचाच; शंभर हातांपैकी कोणाच्या हाताने कोणता घाव घातला, हे सांगणार कोण? अशा वेळी सरकारी वकिलाने सगळा गाव आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करावा, की पुरावा ज्यांच्यापर्यंत पोहोचतो तेवढ्यांवरच भर द्यावा, हा विवेकाचा प्रश्न आहे. नव्या न्याय संहितेत पाच अथवा अधिक जणांनी वंश, जात, समाज, भाषा, श्रद्धा इत्यादी कारणांवरून केलेल्या खुनास स्वतंत्र पोटकलम आहे. परंतु निव्वळ अफवेने केलेला खून त्यात बसतो की नाही, हे न्यायासनास पटवून देण्याचा भार पुन्हा सरकारी वकिलाच्याच शिरावर. सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार यांच्या खटल्यात १९९९ साली सांगून ठेविले आहे की, काहीही करून शिक्षा मिळवावी अशी तहान सरकारी वकिलास असता कामा नये. आरोपीस अनुकूल असलेली गोष्टही त्याने न्यायालयापुढे ठेविली पाहिजे.

राईनपाड्याच्या खटल्यास सरकारने श्री. उज्ज्वल निकम यांची नेमणूक केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात आरोपींस जन्मठेप दिली. घटनेनंतर सोळाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला यांच्या अर्जावर असे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावेत, असे बजाविले होते. लागली साडेपाच वर्षे! श्री. निकम यांच्या अनुभवाविषयी किंवा परिश्रमांविषयी आमचा वाद नाही. १९९३ चे स्फोट आणि २००८ चा मुंबईवरील हल्ला, असले खटले त्यांनी चालविले. परंतु कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण लोकांच्या मनातील हवा बदलण्यासाठी रचली होती, हे त्यांनीच २०१५ साली सांगितले. २०२४ साली ते भारतीय जनता पक्षातर्फे लोकसभेस उभे राहिले, पराभूत झाले, आणि पुढे लवकरच पुन्हा विशेष सरकारी वकील झाले. त्यावर विरोधी पक्षांनी टीका केली. २०२५ च्या जुलैत त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. ही टीका एका व्यक्तीपुरती करून थांबणे आम्हांस पसंत नाही. न्यायालयाबाहेर लोकांस चेतविणारे भाषण आणि पक्षाची उमेदवारी या दोन्ही गोष्टी सरकारी वकिलीशी विसंगत आहेत, मग पक्ष कोणताही असो. कारण आरोपीस शिक्षा झाली तर ती पुराव्याने झाली, आणि तो सुटला तर पुराव्याअभावी सुटला, असा विश्वास लोकांस वाटला पाहिजे.

दोष मुळात नेमणुकीच्या रीतीत आहे. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाची नेमणूक करताना सेशन्स न्यायाधीशांचे मत घ्यावे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या मूळ मजकुरात आहे. परंतु विशेष सरकारी वकिलास मात्र दहा वर्षांची वकिली पुरे, मग मंत्रिमंडळ म्हणेल तो! न्याय आणि अंमलबजावणी ही खाती विभक्त करा, ही मागणी राष्ट्रसभेने अगदी आरंभीच्या वर्षांपासून केली. याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांवर १९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा सरकारच्या बाजूने खुद्द ॲडव्होकेट जनरल उभे होते. राज्यकर्त्यांची इच्छा आणि फिर्याद यांत अंतर नसले म्हणजे काय होते, हे त्या वेळी सर्व देशाने पाहिले. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ५० व्या कलमात ते तत्त्व आले. महाराष्ट्रातील सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्या ताब्यातून काढावयास मात्र १९९५ साली शहाणे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयास हुकूम द्यावा लागला. त्या मागणीचा शेवटचा भाग अद्याप पुरा व्हावयाचा आहे.

म्हणून आमच्या सूचना थोडक्या आणि करण्याजोग्या आहेत. विशेष सरकारी वकील नेमताना सेशन्स न्यायाधीशांचे मत घ्यावे आणि नेमणुकीची कारणे लेखी द्यावीत. ज्याच्या हाती असा खटला आहे त्याने पक्षाचे सभासदत्व सोडावे, आणि निकाल लागेपर्यंत वृत्तपत्रांशी खटल्याविषयी बोलू नये. जमावाचे खुनाचे खटले सहा महिन्यांत संपविण्याची जबाबदारी जिल्ह्याजिल्ह्यात एका न्यायासनावर टाकावी.

आणि गावकऱ्यांस आमचे सांगणे असे. पहारा अवश्य द्या. पण तो पोलीस पाटलाच्या देखरेखीखाली द्या, पहारेकऱ्यांची नावे ठाण्यात नोंदवा. आपल्या डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर कोणाही नागरिकास गुन्हेगारास पकडता येते. परंतु त्यास सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे, असे नवी संहिता सांगते. केवळ संशयावरून कोणास अडवून झाडाझडती घेण्याचा, मग हात टाकण्याची तर गोष्टच नको, कोणासही हक्क नाही. आपल्या जिल्ह्यात वानर आणि डुकरांपासून शेतीबागायतीच्या रक्षणाकरिता बंदुकीचे परवाने दिले जातात. ती बंदूक पहाऱ्यावर नेऊ नका. रानात सळसळ ऐकून डुकरावर झाडलेली गोळी माणसास लागल्याचे प्रकार कोकणास अपरिचित नाहीत. भ्यालेल्या मनुष्याच्या हातातील बंदूक अंधारात डुक्कर आणि वाटसरू यांत भेद करीत नाही.

राईनपाड्यास जे पाच जण मेले, त्यांनी गावाजवळ मागितली होती ती मूठभर भिक्षा. परका मनुष्य दारी आला असता त्यास पाणी विचारण्याची रीत कोकणच्या घराघरात अजून आहे. पहाऱ्यावरच्या तरुणांनी वाटसरूस आधी पाणी आणि मग नाव विचारावे. त्याच्या उत्तराने समाधान झाले नाही तर पोलीस पाटलास उठवावे. गाव राखण्यास याहून अधिक शौर्य लागत नाही.