शिवून की रेडीमेड?

मध्यमवर्गीय मराठी घरात संगणक आला तो एक वाद बरोबर घेऊनच : असेंबल्ड घ्यायचा की ब्रँडेड? १९९०च्या दशकात ऑफिसात डबा खाताना, लोकलच्या प्रवासात, अगदी लग्नाच्या पंगतीतही हा वाद रंगत असे. ब्रँडेडवाले म्हणत, ‘चार पैसे जास्त गेले तरी चालतील, रात्री झोप लागते.’ असेंबल्डवाले म्हणत, ‘आतले भाग तेच, वरच्या चिकटपट्टीचे पैसे कशाला मोजायचे?’ पुढे लॅपटॉप आले, मोबाइल आले आणि वाद आपोआप मागे पडला. लॅपटॉप काही कुणी घरी जोडत नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात हा वाद आमच्या घरात परत आला, तो विमानात बसून. बारावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या माझ्या भाच्याला वैमानिक व्हायचे आहे आणि त्याआधी घरच्या घरी फ्लाइट सिम्युलेटरवर विमान उडवायचे आहे. त्यासाठी दणकट संगणक हवा. ताईचा फोन आला, ‘अरे, दीड लाख म्हणतोय हा! एवढ्यात दारात स्कूटर येते. तू जरा बघ.’ भाऊजींचे मत, शोरूममधून तयार घ्यावा, एक पावती, एक जबाबदारी. भाच्याचे मत, ‘मामा, सुटे भाग आणून आपणच जोडू.’ मला पंच नेमण्यात आले. त्यानिमित्ताने दोन महिने जे पाहिले, विचारले, समजून घेतले, ते अशाच वादात सापडलेल्या इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

विमान उडवण्याचा हा खेळ तसा जुना. ब्रूस आर्टविक या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९७९मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी तो तयार केला आणि १९८२मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या पीसीवर आणला. त्यानंतर इतर कंपन्या आयबीएमसारखे, पण स्वस्त संगणक बनवू लागल्या. एखादा संगणक खरोखर आयबीएमसारखा चालतो की नाही, हे ठरवायला तेव्हा दोन कसोट्या लावल्या जात. एक हिशेबाचा लोटस १-२-३ हा प्रोग्रॅम आणि दुसरी हा विमानाचा खेळ. दोन्ही नीट चालले तर यंत्र पास! आपल्या असेंबल्ड संगणकाचे पूर्वज या खेळाच्या धावपट्टीवर तपासले गेले होते म्हणायचे.

तेव्हाचा खेळ म्हणजे काही रेघा आणि चौकोन. २०२० आणि २०२४मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्त्यांत मात्र उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सारी पृथ्वी उभी केली आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. तो मार्ग आज एखादा मुलगा आपल्या टेबलाशी बसून उडू शकतो. मोह पडावा असेच हे प्रकरण आहे, यात शंका नाही.

पण हा खेळ संगणकाकडून मागतो काय? सगळा वाद या प्रश्नाशी येऊन थांबतो. बहुतेक ‘गेमिंग’ संगणक मारधाडीच्या खेळांसाठी सजवलेले असतात. विमानाच्या खेळाची भूक निराळी. पंखांवरचा वाऱ्याचा दाब, इंजिन, कॉकपिटमधली घड्याळे, हवामान, खालची जमीन, आजूबाजूची विमाने यांचा हिशेब प्रत्येक क्षणी करावा लागतो, आणि त्यातला मोठा भाग एकामागून एक असाच करावा लागतो. स्वयंपाकघरात भाज्या चिरायला आठ माणसे बसवता येतात, पण फोडणी एकानेच द्यायची असते. तसे हे आहे. म्हणून प्रोसेसरला ‘कोअर’ किती, यापेक्षा त्यातला एकेक किती चपळ, हे इथे अधिक महत्त्वाचे.

फोडणी देणाऱ्याच्या हाताशी मिसळणाचा डबाही लागतो. दरवेळी मोहरीसाठी वाण्याकडे धावायचे म्हटले तर तेल जळून जाईल. प्रोसेसरच्या पोटातला असा डबा म्हणजे ‘कॅश’. एएमडी कंपनीने २०२२मध्ये काढलेल्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये तो ९६ मेगाबाइटचा होता, आणि विमान उडवणाऱ्या मंडळींनी त्या मालिकेच्या प्रोसेसरांना तेव्हापासून डोक्यावर घेतले, ते याच कारणाने.

बाकीचा हिशेब सोपा आहे. २०२४च्या आवृत्तीसाठी १६ जीबी मेमरी किमान, ३२ जीबी योग्य आणि ६४ जीबी उत्तम, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे. ग्राफिक्स कार्ड लागतेच, पण त्याच्या नावापेक्षा त्यावरची स्वतःची मेमरी पाहावी. ती अपुरी पडली की विमान मुंबईवर येताच अडखळू लागते. जमिनीची चित्रे इंटरनेटवरून येत राहतात, म्हणून जोडणीही चांगली हवी. मात्र सेकंदाला तीस-चाळीस चित्रे पडद्यावर आली तरी विमान सुखाने उडते. मारधाडीच्या खेळासारखी शंभराच्या वरची हाव इथे धरावी लागत नाही.

ही यादी खिशात घेऊन मी आधी शोरूम पालथे घातले. रंगीत दिव्यांनी झगमगणारे, काचेच्या पोटाचे संगणक ओळीने मांडलेले. पाटीवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठळक अक्षरांत. पण पॉवर सप्लाय कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा? मदरबोर्ड कोणता? मेमरीची एकच पट्टी आहे की दोन? (एकाऐवजी दोन पट्ट्यांत ती विभागली की काम अधिक वेगाने होते.) दोन दुकानांत हे विचारले, दोन्हीकडे विक्रेत्याने हसून ‘सर, हेवी मशीन आहे’ एवढेच सांगितले. तयार संगणकात काटकसर होते ती बहुधा अशाच, पाटीवर न येणाऱ्या जागी. शिवाय काही कंपन्या मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय आपल्याच खास मापाचे वापरतात. चार वर्षांनी त्यातला भाग बिघडला, तर बाजारातला दुसरा बसत नाही.

म्हणून तयार संगणक टाकाऊ, असे मात्र नाही. त्याची मोठी ताकद म्हणजे एकच वॉरंटी. कंपनीची घरपोच सेवा असेल, तर बिघाड कोणत्या भागात आहे हे शोधण्याची कटकट आपली नसते. गडचिरोली किंवा सावंतवाडीत राहणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लाखमोलाची. कधीकधी भावही तयार मालाच्या बाजूने असतो. २०२० ते २०२२ या काळात आभासी चलनाच्या नादात आणि महासाथीच्या टंचाईत ग्राफिक्स कार्ड दुप्पट भावानेही मिळेना, तेव्हा अख्खा संगणक घेणे हाच अनेकांना शहाणपणाचा मार्ग वाटला. आमची खरेदी उरकली आणि २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यामुळे तिचेही भाव कडाडले. तेव्हा ‘सुटे ते स्वस्त’ हे काही त्रिकालाबाधित सत्य नव्हे.

आता स्वतः जोडण्याविषयी. काम वाटते तेवढे अवघड नाही. एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक मोकळे टेबल आणि एक निवांत दिवस पुरतो. खाचा अशा केलेल्या असतात, की बहुतेक भाग चुकीच्या जागी बसतच नाहीत. जपायचे ते प्रोसेसर बसवताना, कारण तिथल्या नाजूक पिना वाकल्या की संपले. खरी परीक्षा पुढेच असते. बटण दाबले आणि पडदा काळाच राहिला, तर? मेमरीवाला मदरबोर्डकडे बोट दाखवतो, मदरबोर्डवाला मेमरीकडे. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, सेवा केंद्र वेगळे. अनेकदा ती तयार संगणकाच्या वॉरंटीपेक्षा जास्त वर्षांची असते, पण ती वसूल करायला पाय झिजवावे लागतात.

या दोहोंच्या मध्ये आपल्याकडे तिसरा रस्ता आहे, आणि तो जुनाच आहे. मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा आपापल्या गावातल्या विश्वासाच्या दुकानात आपली यादी द्यायची आणि संगणक जोडून घ्यायचा. कापड आपल्या पसंतीचे, शिवणार शिंपी! मात्र बिलावर ‘एक संगणक’ असे मोघम लिहू देऊ नये. प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक आणि वॉरंटी लिहून घ्यावी, रिकामी खोकी जपून ठेवावीत, आणि दुकानातच तासभर संगणक चालवून पाहावा.

खर्चाची अजून एक बाजू कुणी सांगत नाही. जॉयस्टिक, मॉनिटर आणि आपल्याकडे वीज कधी दगा देईल याचा नेम नसल्यामुळे यूपीएस, हे सारे दीड लाखात धरावे लागते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीचा उकाडा यंत्रालाही सोसावा लागतो, म्हणून दिव्यांपेक्षा पंख्यांवर खर्च करणे शहाणपणाचे. आणि नुसती हौस असेल तर फ्लाइटगिअर हा मोफत सिम्युलेटर साध्या संगणकावर आधी चालवून पाहावा. महिन्याभरात उत्साह ओसरला, तर दीड लाख वाचले.

हे सगळे मी मांडल्यावर भाऊजींनी शांतपणे विचारले, ‘ते ठीक. पण यातून पोरगा पायलट होणार का?’ खरा प्रश्न हाच होता. उत्तर ‘नाही’ असे आहे. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि घरच्या सिम्युलेटरचा एकही तास त्यात धरला जात नाही. प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. विमानाची भाषा, घड्याळांची ओळख, उड्डाणापूर्वीच्या तपासणीची शिस्त एवढे घरी जरूर शिकता येते. पण घड्याळांकडेच टक लावण्याची सवय लागली, तर खऱ्या विमानात प्रशिक्षकाला ती मोडावी लागते.

त्यावर ताईने काढलेला तोडगा मला सर्वांत शहाणा वाटला. ‘आधी वैद्यकीय तपासणी, मग संगणक.’ वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याला डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून आधी ‘क्लास टू’ तपासणी करून घ्यावी लागते. नजर, रंगांची ओळख, कान, हृदय सारे पाहतात. संगणकाच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ, आणि स्वप्नाच्या वाटेत शरीराचा अडसर आहे का, हे तिथेच कळते. भाचा तपासणीला गेला, पास झाला. मग आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. यादी त्याची, जोडणी दुकानदाराची. मेमरीच्या पट्ट्या तेवढ्या दुकानदाराने कौतुकाने त्याला बसवू दिल्या. खोका साधा, बिनदिव्यांचा घेतला. त्यातून वाचलेल्या पैशांत यूपीएस आला.

तेव्हा शिवून की रेडीमेड, याला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. घरात उत्सुक, चिकाटीचा कुणी असेल आणि सेवा केंद्रे जवळ असतील, तर जोडावा. त्यातून मिळणारे ज्ञान कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही. दुरुस्तीसाठी दोनशे मैल जावे लागणार असेल, तर तयार घ्यावा, पण आतल्या भागांची यादी मागूनच. निर्णय घेताना एकच कल्पना करावी : भर पावसाळ्यातली रात्र आहे, बटण दाबले आणि यंत्र सुरू झाले नाही. त्या वेळी आपण कुणाला हाक मारणार? त्या माणसाचे नाव आधी ठरवावे, यंत्र मग.