मृत्युलेखाच्या चौकटीबाहेरचे गायक

कवी ना. धों. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात निवर्तले, तेव्हा गिरणाकाठच्या भडगाव-पाचोरा परिसराला घरातलेच माणूस गेल्यासारखे वाटले. महानोरांचे पळसखेडे महसुली नकाशावर मराठवाड्यात आहे, हे खरे. परंतु शेंदुर्णीच्या शाळेत शिकलेल्या आणि जळगावचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून शेतीकडे परतलेल्या या कवीला खानदेशाने कधीच परका मानले नाही. त्या दिवसांत 'जैत रे जैत', 'सर्जा', 'एक होता विदूषक' या चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलेली गीते जिकडे तिकडे ऐकू येत होती. पद्मश्री, साहित्य अकादमीचा पुरस्कार, विधान परिषदेतील नियुक्ती यांचा उल्लेख यथास्थित झाला. त्यात गैर काहीच नव्हते. तथापि मृत्युलेखांना एक जुनी खोड असते. गेलेल्या माणसाविषयी जे सर्वांना आधीपासून ठाऊक असते, तेच ते नव्याने सांगतात.

मागे पडली ती एक साधी गोष्ट. 'रानातल्या कविता' १९६७ साली प्रसिद्ध झाल्यानंतर महानोरांचा दुसरा संग्रह १९७० मध्ये आला. त्याचे नाव 'वही'. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्या शब्दाने शाळेची वही आठवली असेल, तर त्यात त्याचा दोष नाही. खानदेशात मात्र वही म्हणजे गाण्याचा प्रकार. डफ-ढोलकीच्या साथीने चार माणसांनी मिळून रात्र रात्र गावयाची ही वही अक्षरओळख नसलेल्या गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राखली. त्यांच्या कंठातली लय महानोरांनी कवितेत आणली. पुढे आपल्या परिसरातील लोकगीते त्यांनी 'पळसखेडची गाणी' या पुस्तकात एकत्र केली. म्हणजे एका प्रसिद्ध कवीच्या मागे कितीतरी अनाम गाणारे उभे होते. कवी गेला तेव्हा बातमी झाली. ते गाणारे एकेक करून गेले तेव्हा कोणत्याच पानावर ओळसुद्धा आली नाही.

या मुलखाला याहून मोठा दाखला घरातच उपलब्ध आहे. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या, त्या दिवशी महाराष्ट्राच्या लेखी त्या कवयित्री नव्हत्याच. लिहिता-वाचता न येणारी एक शेतकरी विधवा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गेली, एवढीच ती घटना. पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांच्या तोंडची गाणी वेळोवेळी उतरवून घेतली होती म्हणून, आणि ते बाड आचार्य अत्र्यांच्या हाती पडले म्हणून, १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' निघाले. आज उत्तर महाराष्ट्राचे विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. मुलगा स्वतः कवी नसता तर काय झाले असते, हा प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाही. ज्यांची मुले कवी नव्हती अशा बायका प्रत्येक गावात होत्या.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. विलायतेत शिकून आलेल्या या कलावंताने आयुष्याची कित्येक दशके रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात एकांतात काढली. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. पण मागे छायाचित्रे राहिली, शिल्पे राहिली, वास्तू राहिली. पाहू इच्छिणाऱ्याला ती आजही पाहता येतात. चित्रकाराची मिळकत भिंतीवर असते. गाणाऱ्याची मिळकत श्वासात असते आणि ती श्वासाबरोबरच संपते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही संपत्ती कोणत्याही ताळेबंदात येत नाही. बाजार समितीच्या दप्तरात किती क्विंटल मका आला याची नोंद सापडते; गिरणा धरणात किती पाणी उरले याचा आकडा दर उन्हाळ्यात माणसे तोंडपाठ सांगतात. गुलाबाईची, कानबाईची, आखाजीच्या झोक्यावरची अहिराणी गाणी एखाद्या गावात किती जणींना येतात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. याचा परिणाम केवळ सांस्कृतिक नाही. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना शासन दरमहा मानधन देते. पण त्यासाठी कलेच्या क्षेत्रातील कार्याचे पुरावे जोडावे लागतात. फडावर उभ्या राहिलेल्या कलावंताला एखादे प्रमाणपत्र, एखादे कात्रण दाखविता येईल. चाळीस वर्षे गावाच्या कानबाईपुढे गाणाऱ्या म्हातारीने काय दाखवावे? जिचे कात्रण कधी निघाले नाही, ती सरकारदरबारी कलावंतच नव्हे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, लोकगीत हे वाहते पाणी आहे. ते कागदावर बांधून ठेवले की कुजते. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. कपाटात गेलेल्या पुष्कळ संकलनांकडे पुन्हा कोणी ढुंकूनही पाहिलेले नाही. परंतु गाणे टिकवावे की सोडून द्यावे हे ठरविण्याचा अधिकार ते ज्यांनी ऐकले त्यांना असावा. जे कानावर पडलेच नाही ते सोडून दिले असे म्हणता येत नाही. ते नुसतेच हरवते.

हे काम करावयास कवीच हवा असेही नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या वेचून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० नंतरच्या काळात खेड्यापाड्यांतून फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांच्या हाती वही-पेन्सिल आणि अवजड ध्वनिमुद्रण यंत्र होते. आज भडगावच्या महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात त्याहून सोयीचे यंत्र असते आणि घरी आजी असते. भाद्रपदात गुलाबाई बसते, ती कोजागरीपर्यंत राहते. महिनाभराचा हा अवधी थोडा नाही. फक्त गाणे उतरवून घेताना त्याखाली 'पारंपरिक' एवढेच लिहून मोकळे होऊ नये. गाणारीचे नाव, तिचे माहेर, आणि हे गाणे तिला कोणी शिकविले, हेही लिहावे.