आधी सुई, मग गाणे

माळ्यावरची ट्रंक खाली उतरवण्याचे दिवस पुन्हा आले आहेत. रेकॉर्ड गेली, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. आणि आता सीडी निरोप घेत असताना रेकॉर्ड पुन्हा दारात उभी आहे. अमेरिकेत २०२२ साली नगांच्या हिशेबात सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त खपल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्डींच्या गठ्ठ्यापुढे उकिडवी बसलेली विशी-पंचविशीतली मुले दिसतात. ज्यांच्या जन्माआधीच ग्रामोफोन अडगळीत गेला, त्यांनी तो शोधत यावे ही आनंदाचीच गोष्ट. फक्त त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एक सांगावेसे वाटते. बहुतेक जण आधी रेकॉर्डी जमवतात आणि मग त्या वाजवायला हाताला लागेल ते यंत्र आणतात. हा क्रम उलटा हवा.

कारण रेकॉर्ड पुस्तकासारखी नसते. पुस्तक नुसत्या नजरेने वाचता येते. रेकॉर्ड घासूनच वाचावी लागते. काठापासून मध्यापर्यंत गोल गोल गेलेल्या एकाच खाचेतून सुई धावते, खाचेच्या भिंतींवरच्या बारीक वळणांनी थरथरते आणि त्या थरथरीचे गाणे होते. प्रत्येक वेळी त्या भिंती किंचित झिजतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक वादन म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम. चांगली सुई इतके थोडे काढते की ठेव पुढच्या पिढ्यांना पुरावी. वाईट सुई ठेवच मोडून टाकते. आणि या खात्यात पुन्हा भरणा करण्याची सोय नाही.

घरोघरच्या ट्रंकांत ही ठेव बहुधा दोन प्रकारची असते. पहिली, मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला, त्याने गौहर जानचा आवाज मुद्रित केला आणि त्या रेकॉर्डी जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून इकडे आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. १९२८ मध्ये तो डमडमला गेला. ही तबकडी लाखेची. कुसुम, पळस अशा झाडांवरच्या किड्यांची ती लाख. तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, सगळ्यांना आपले गाणे एवढ्या वेळात बसवावे लागले. अशा कितीतरी तबकड्या पुढे एलपीवर वा कॅसेटवर आल्याच नाहीत. म्हणजे तुमच्या माळ्यावरची प्रत ही उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक असू शकते.

दुसरी एलपी. १९४८ साली अमेरिकेत ती आली. लाखेऐवजी व्हायनल, ७८ ऐवजी ३३ आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे. भीमसेन जोशींचा, कुमार गंधर्वांचा राग घरात बसून निवांत ऐकता आला तो हिच्यामुळे.

या दोघींची खाच सारखी नाही. ७८ च्या सुईचे टोक एलपीच्या सुईच्या टोकापेक्षा तिप्पट-चौपट जाड असते. एलपीची सुई जुन्या तबकडीवर टेकवली की ती खाचेच्या तळाशी खरडत जाते. गाण्याऐवजी खरखरच जास्त. जाड सुई एलपीवर टेकवली तर ती खाचेच्या भिंतीच फोडते. चावीच्या फोनोची तर गोष्टच वेगळी. त्याचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकत असे, म्हणून दर बाजूला पोलादी पिन बदलायची रीत होती. त्यावर एलपी एकदा वाजवली तरी ती कायमची गेली.

मग यंत्र घ्यावे कोणते? दिसायला गोजिरवाणी, पेटीसारखी, पोटात स्पीकर असलेली यंत्रे स्वस्तात मिळतात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांची सुई पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकते आणि तो कमी करण्याची सोय नसते. चांगल्या सुईला दीड-दोन ग्रॅम पुरतात. म्हणून दुकानात पहिले पाहावे ते हे, की सुईच्या दांड्याच्या मागच्या टोकाला पुढेमागे फिरवता येणारे वजन आहे का. दुसरे, सुई बदलता येते का. तिसरे, थाळीचा वेग स्थिर राहतो का. बेल्टवर फिरणारी थाळी असो वा थेट मोटरवरची, नीट बनवलेली असली की दोन्ही उत्तम. घरात ७८ च्या तबकड्या असतील तर तो वेग आहे ना, हे विचारून घ्यावे. आजच्या बऱ्याच टर्नटेबलांवर तो नसतोच. चौथे, फोनो प्रीअँप्लिफायर. रेकॉर्ड करताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि उंच स्वर वाढवलेले असतात. ते पूर्ववत करणे हे त्याचे काम. तो नसेल तर गाणे पोकळ आणि किरकिरे वाटते. स्पीकर पुढच्या दिवाळीला मोठे घेता येतील. सुईत काटकसर नको.

नवी हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते. रोज चाळीस मिनिटांची एक एलपी ऐकली तर पाचशे तासांना दोन वर्षे लागतात. दोन वर्षांनी एक सुई, एवढाच हा खर्च. वडिलांच्या वेळचे यंत्र सापडले असेल तर त्यातली जुनी सुई आधी बदलावी.

आणखी एक इशारा. ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, हे आठवावे. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा थेंब, मऊ फडके आणि मधले लेबल कोरडे, एवढे पुरे. रेकॉर्डी आडव्या रचू नयेत. उभ्या, उन्हापासून दूर ठेवाव्यात.

१९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तीत गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या शास्त्रज्ञांनी नुसती तबकडी पाठवली नाही. सोबत सुई दिली आणि वेष्टनावर ती कुठे टेकवायची, थाळीने एक फेरा किती वेळात घ्यायचा, याची आकृती कोरली. न जाणो कधी भेटणाऱ्या परक्यासाठी जी काळजी घेतली, ती आपण आपल्या नातवंडांसाठी घ्यायला हरकत नाही.

तेव्हा ट्रंक उतरवलीत तर रेकॉर्डी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवू नका, आणि घाईने वाजवूही नका. आधी सुई आणा. साठ-सत्तर वर्षे त्या थांबल्या आहेत. आणखी महिनाभर थांबतील.