तणावे आणि वारा

बारीक पण उंच रेडिओ मनोरा केवळ स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. तंबूप्रमाणे त्याला तणावे धरून ठेवतात. बहुधा ते तीन दिशांना, एकमेकांशी १२० अंशांत असतात. बेळगावात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. मग एक तणावा थेट वाऱ्याच्या तोंडाला असावा, की वारा दोन तणाव्यांच्या मधून यावा?

दोघांनी ओझे वाटून घेतले तर प्रत्येकाला निम्मेच पडेल, असे पुष्कळजण म्हणतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मलाही हा भागीदारीचा हिशेब पटला होता. कागदावर मांडला, तेव्हा चूक कळली.

समजा, तणावे जेथे बांधले आहेत तेथे वारा १०० किलोच्या जोराने मनोऱ्याला ढकलतो. तणावे जमिनीशी ४५ अंशांत आहेत आणि वाऱ्याआडचे तणावे सैल पडले आहेत. एकच तणावा वाऱ्याकडे असेल, तर त्याची आडवी ओढ १०० किलो. वारा दोहोंच्या मधून आला, तर प्रत्येक तणावा वाऱ्याच्या रेषेपासून ६० अंश बाजूला असतो. त्याची निम्मीच ओढ वाऱ्याविरुद्ध कामी येते; बाजूची ओढ दोघे एकमेकांविरुद्ध खर्च करतात. म्हणून ५० किलोच्या कामासाठी प्रत्येकाला १०० किलो ओढावे लागते. वाटणी झाली, पण ओझे कोणाचेच उतरले नाही!

शिवाय ४५ अंशांतला तणावा जितका आडवा ओढतो तितकाच खालीही ओढतो. पहिल्या मांडणीत मनोऱ्यावर तणाव्यांचा १०० किलो दाब पडतो, दुसरीत २००. बारीक मनोरा अशा दाबानेच वाकून मोडतो. तेव्हा तीन तणावे असतील, तर एक वाऱ्याच्या तोंडाला ठेवणे चांगले.

चार तणाव्यांची गोष्ट निराळी. तेथे वारा दोहोंच्या मधून आला, तर प्रत्येकाची आडवी ओढ सुमारे ७१ किलोवर येते. मनोऱ्यावरचा दाब मात्र १४१ किलो होतो.

पण दिशा साधली म्हणजे निर्धास्त होता येत नाही. वळवाच्या पावसाआधीची वावटळ कोठूनही येते. तीन तणाव्यांत वारा एकापासून ३० अंश सरकला, की त्याची ओढ ११५ किलो होते. उलट दिशेने आला, की मनोऱ्यावर २०० किलो दाब येतोच. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून प्रत्येक तणावा, प्रत्येक खुंट आणि मनोरा सर्वांत वाईट दिशा धरूनच निवडावा. देखभालही तशीच हवी. पोलंडमधील १९७४ साली पूर्ण झालेला ६४६ मीटर उंचीचा रेडिओ मनोरा ८ ऑगस्ट १९९१ रोजी कोसळला, तो तणावे बदलण्याचे काम चालू असताना.

१९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदार पेढीच्या संपूर्ण देण्याला जबाबदार असतो. तणाव्यांची भागीदारी त्याच जातीची आहे. वादळात रेडिओची गरज सर्वांत जास्त असते. तेव्हा हा हिशेब वादळाआधीच करून ठेवावा.